लांजेवार काकांचे लाल टॅग

नवी गाडी घेऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. सकाळी पाइप, बादली, शाम्पू असा सगळा जामानिमा घेऊन मी बाहेर आलो, तर गाडीच्या आरशाला तारेनं एक लाल पुठ्ठा बांधलेला. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बायकोनं, सुनीतानं, काही टांगलं असेल. जवळ जाऊन वाचलं. वर ठळक हिंदीत लिहिलं होतं, "खतरा! चालू न करें. आदमी अंदर है." खाली बॉलपेननं, मराठीत: "काय बंद : गाडीची आंघोळ. कावून बंद : हापशीचं पानी खाली गेलं. नाव : दे. ल. लांजेवार." अन् त्याखाली टोकन नंबर.

गाडीची आंघोळ! माझं डोकंच सणकलं. मी तसाच, एक चप्पल पायात अन् एक कुठंतरी, समोरच्या घरी गेलो. लांजेवार काका व्हरांड्यात चटईवर बसून कात्रीनं पुठ्ठे कापत होते.

"काका, हे काय आहे?"

"टॅग."

"ते दिसून राहिलं मला. माझ्या गाडीला कावून?"

"गाडीले नाही, मास्तर. पाइपाले आहे. पाइपाले गाठ बसत नोती म्हून आरशाले बांधला."

"पण याच्यात लिहिलंय आदमी अंदर है. माझ्या गाडीत कोण आदमी आहे?"

"गाडीत नाही, हापशीत आहे." काकांनी कात्री खाली ठेवली. "तू इकडे बोअर चालू करतं, तिकडे पटरीपलीकडच्या बाया हापशीचा दांडा मारून मारून थकून राहिल्या. पानी येऊन नाही राहिलं. तुले इथून दिसत नाही ते. म्हून टॅग."

मी तरातरा परत आलो अन् तार तोडायला हात घातला. मागून आवाज आला, "हात नको लावू. ज्यानं लावला त्यानंच काढायचा." बाप्पा, काय आवाज होता तो! माझा हात जागच्या जागी थांबला. पंचवीस वर्षं पोरांना गणित शिकवणारा माणूस मी, वर्गात माझ्या आवाजानं खडू गळून पडतात, अन् इथं मीच शहाण्या पोरासारखा हात मागं घेतला. त्याचा राग मला अजून आहे.

काका मूळचे साकोलीकडचे, भंडारा जिल्ह्यातले. घरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेती, भावांवर सोपवून विशीत भिलाईच्या स्टील प्लांटला आले. मेंटेनन्समध्ये फिटर म्हणून लागले अन् फिटर म्हणूनच रिटायर झाले. क्वार्टर सोडल्यावर आमच्या लाईनीत घर बांधलं. आमची लाईन बोरसीच्या रस्त्याला लागून आहे. भिलाई कुठं संपते अन् दुर्ग कुठं लागतं, हे तिथं फक्त टपालवाल्याला कळतं.

आता टॅगचं सांगतो, नाहीतर तुम्हाला पुढचं काही कळायचं नाही. मोठ्या मशीनच्या पोटात दुरुस्तीला माणूस शिरला, की बाहेरच्या स्विचला लाल टॅग बांधतात. स्विचपाशी उभ्या असलेल्याला आत कोण आहे ते दिसत नाही. टॅगवर बांधणाऱ्याचं नाव अन् त्याचा हजेरीचा टोकन नंबर असतो. काम झालं की बांधणाऱ्यानं स्वतः यायचं, स्वतः टॅग काढायचा अन् ओरडायचं, "क्लिअर!" दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब का असेना. काकांनी अख्खी नोकरी या एका नियमावर काढली.

रिटायर झाल्यावर लोक बागेत जाऊन हसायचे क्लास लावतात, मोबाईलवर गुलाबाची फुलं पाठवतात. काकांनी शहराचं मेंटेनन्स काढलं. कोपऱ्यावर कचरा जाळायची जागा होती, तिथल्या खांबाला टॅग. गणपतीत डीजेच्या पेटीला टॅग, "काय बंद : धडधड. कावून बंद : बाजूच्या घरी बाळंतीन आहे." पोरांनी त्या टॅगसोबत फोटो काढले, पण आवाज थोडा कमी केला खरा. स्वतःच्या घराच्या मीटरच्या डब्याला टॅग, कारण आत चिमणीनं घरटं केलं होतं. "मीटर वाचू नये. आत पिल्लं आहे." मीटर वाचणारा दोन महिने 'दरवाजा बंद' लिहून गेला, अन् दरवाजा सताड उघडा.

टॅग बनायचे लग्नपत्रिकांचे. लाल पुठ्ठा विकत कशाला आणायचा, आपोआप घरी येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पुढून वाचलं तर 'खतरा', अन् उलटून पाहिलं तर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. माझ्या गाडीच्या टॅगामागं आमच्याच पुतणीचं नाव निघालं. तिच्या लग्नात काका जेवले होते अन् वाढप्याला विचारलं होतं, "गॅसचं परमिट घेतलं का?"

परमिट हा त्यांचा दुसरा शब्द. दूधवाल्यानं दुधाची पिशवी भिंतीवर ठेवली की "परमिट?" पोरांनी रस्त्यात विकेट ठोकल्या की "परमिट?" अन् आमच्याकडे आले की दारातूनच म्हणणार, "मास्तर, दहा मिनिटं शटडाउन घेतो." मग खुर्चीवर बसणार. उठताना "क्लिअर!" हे क्लिअर इतक्या जोरात, की आमची सुनीता आतल्या खोलीत दचकायची.

काकू होत्या तेव्हा काकांचा आवाज घरातून कधी ऐकू यायचा नाही. ऐकू यायचा तो चमचा. स्टीलच्या पेल्यावर चमच्याचे दोन ठोके म्हणजे चहा, तीन म्हणजे जेवण, अन् एक लांबलचक खणखणाट म्हणजे चष्मा सापडत नाही. मी एकदा म्हटलं, "काका, हाक मारा ना सरळ." तर म्हणाले, "प्लांटच्या आवाजात नाव कोन आयकते? सिग्नल पायजे." काकू आतून हसायच्या. त्यांना आमची अख्खी लाईन काकू म्हणायची. काका तिसऱ्या माणसाशी बोलताना 'नितेशची माय' म्हणायचे. काकूंचं स्वतःचं नाव काय, हे बारा वर्षं समोर राहून मला माहीत नव्हतं, अन् विचारायचं कधी सुचलंही नाही. तीन वर्षांपूर्वी थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं अन् त्या गेल्या. त्यानंतर चमचा बंद झाला अन् टॅग वाढले.

आणखी एक चक्रमपणा होता, चहाचा. काका फिक्का चहा प्यायचे. एकदा सुनीतानं चुकून साखर घातली, तर एका घोटात कप खाली ठेवला अन् तोंड असं केलं, जसं कुणी त्यांची चोरी पकडली. आम्ही समजलो, शुगर आहे. मग गणपतीच्या विसर्जनाला पाहतो, तर काका जिलेबीच्या तिसऱ्या वेढ्यावर.

"काका! शुगर आहे ना तुम्हाला?"

"कोन म्हनते? मले काही नाही."

"मग चहा फिक्का कावून?"

"चहावर मनाई आहे. जिलेबीवर नाही."

"कोणाची मनाई?"

काकांनी चौथी जिलेबी उचलली अन् मिरवणूक पाहायला लागले. मी सुनीताला म्हटलं, बह्याड माणूस आहे हा. ती म्हणाली, तुम्हाला कोण नाही बह्याड?

आमच्या कोपऱ्यावर नालीच्या चेंबरचं झाकण चोरीला गेलं, तिथून पुढची गोष्ट. भंगारात चार पैसे येतात म्हणून कुणीतरी उचललं. उघडं चेंबर दोन महिने तसंच होतं. लोक त्याला वळसा घालून जायचे, अन् आपण किती सफाईनं वळसा घातला म्हणून खूशही व्हायचे. मीही त्यातलाच. काकांनी तिथं काठी रोवली, काठीला टॅग बांधला अन् घरी जाऊन फिक्का चहा पीत बसले.

अर्ध्या तासात तिथं ही गर्दी! टॅगवर काय लिहिलेलं असतं? आदमी अंदर है. पहिल्यानं वाचलं, दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्यानं फोन फिरवला. कुणी दोर आणला, कुणी खाट आणली. एकजण छातीठोक सांगत होता, "समारू है अंदर, मैंने खुद जाते देखा." समारू म्हणजे आमचा भाजीवाला. त्याचा ठेला बाजूलाच बेवारस उभा होता, त्यामुळे शंकाच उरली नाही. सुनीताला आठवलं, सकाळी तिनं त्याच्याशी कोथिंबिरीवरून भांडण केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात वॉर्डातले दोन लोक नवं झाकण घेऊन धावत आले. दोन महिने न मिळालेलं झाकण कुठून पैदा झालं देव जाणे.

मी पळत काकांना बोलावून आणलं. काका आले, चष्मा पुसला, गर्दीकडे पाहिलं.

"कका, आदमी कौन है अंदर?" गर्दीतून एकानं विचारलं.

"अभी कोई नहीं है. गिरेगा ना लेकिन."

"अरे पण सगळे म्हणून राहिले समारू आहे!" मी ओरडलो.

"म्हनून राहिले? मंग नियमानं पाहा लागन." काकांनी सगळ्यांना मागं सारलं. "शंका असन तर पहिले वाकून पाहायचं. मंग नाव घेऊन हाक मारायची, तीनदा. अबे-तबे नाही चालत, नाव पायजे. तीन हाका मारून जबाब नाही आला म्हंजे आत कोनी नाही. मंग टॅग काढायचा."

स्वतःच गुडघ्यावर बसले, टॉर्चनं पाहिलं, अन् चेंबरमध्ये तोंड घालून हाक मारली, "समारूऽऽ!" सगळ्यांनी कान टवकारले. "समारूऽऽ!" सुनीतानं माझा हात धरला. "समारूऽऽ!"

"का होगे, कका?" काय झालं, असं विचारणारा आवाज गर्दीच्या मागून आला. समारू पाठीमागं टाचा उंच करून उभा होता. कोण पडलं ते पाहायला तोही आला होता.

लोक जे हसले म्हणता! झाकण बसलं. काकांनी तारेची गाठ सोडली, टॅग खिशात घातला अन् खणखणीत ओरडले, "क्लिअर!" मी त्या दिवसापासून त्या कोपऱ्यावरून सरळ जातो.

नितेश, काकांचा मुलगा, पुण्यात असतो. कॉम्प्युटरवाला. दर दिवाळीला यायचा अन् दर दिवाळीला बापाला घेऊन जायची गोष्ट काढायचा. त्याचं मराठी तीन शब्दांपलीकडे टिकत नाही. यंदा आला तो सरळ माझ्याकडे.

"सर, तुम्ही समजाव ना पापाला. मी तिकडे दिनभर टेन्शनमध्ये राहतो. अकेले राहतात, कुठं नालीत वाकतात, कुठं खंभ्यावर चढतात. कुछ हो गया तो?"

पोराचा चेहरा उतरला होता. माझं म्हणाल तर मला मनातून बरंच वाटलं. काका पुण्याला गेले म्हणजे गाडीची आंघोळ चालू. मी नितेशला घेऊन समोर गेलो अन् काकांना म्हटलं, "जा ना काका. पोरगा एवढा म्हणून राहिला."

"जातो ना. मी कुठं नाही म्हनलं?" काका म्हणाले. "पन टॅग आहे ना बाकी. टॅग लटकत ठेवून शिफ्ट सोडता येत नाही."

"किती आहेत?"

काकांनी शाळेची कॉपी, म्हणजे वही, आणली. प्रत्येक टॅगची तारीख, जागा, अन् क्लिअर झाला की त्यावर काट. पानं पलटून म्हणाले, "बाहेरचे चार."

हा 'बाहेरचे' शब्द मी ऐकला अन् सोडून दिला. गणिताच्या मास्तरानं असं करू नये. आम्ही त्याच दिवशी सौदा पक्का केला, चार टॅग क्लिअर अन् काका पुण्याला. नितेशनं होळीच्या आधीची दोन तिकिटं काढतो म्हणून सांगितलं.

मग सुरू झाली आमची धावपळ. एका म्हाताऱ्याला शहरातून हलवण्यासाठी मी शहर सुधारायला निघालो, यापेक्षा जास्त मूर्खपणा मी आयुष्यात केला नाही.

पहिला टॅग चिमणीचा. त्यात मला काहीच करायचं नव्हतं. एके सकाळी पिल्लं उडाली अन् काका डब्यापाशी उभं राहून हळूच म्हणाले, "क्लिअर." एवढं हळू क्लिअर मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसरा कचरा जाळायचा. तो सुनीतानं घेतला. घरोघरी जाऊन तिनं बायांना ओला-सुका वेगळा करायला लावला. कशी लावली विचारू नका. आमच्या लाईनीत तिच्याशी कोथिंबिरीवरून कुणी भांडत नाही, कचऱ्यावरून कोण भांडणार? पंधरा दिवसांत कोपऱ्यावरचा धूर बंद झाला, अन् काकांचा खोकला निम्मा झाला हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तिसरा टॅग तरियाचा. तरिया म्हणजे तळं, आमच्या लाईनीच्या मागं होतं. कुणी प्लॉटवाला त्यात हळूहळू मलबा टाकून जमीन वाढवत होता. काकांनी काठावर बांबू रोवून टॅग लावला होता. मी विचारलं, "तळ्यात कोण आदमी आहे, काका?" तर म्हणाले, "बेडकं आहे. मासोळ्या आहे. धुनं धुनाऱ्या बाया आहे. अन् आपल्या सगळ्याच्या बोअरचं पानी आहे. भरनाऱ्याले वरून दिसत नाही." मी शाळेतल्या पोरांना तरियाचं क्षेत्रफळ काढायला नेलं. पोरं दोऱ्या घेऊन काठाकाठानं फिरली, वहीत आकडे लिहिले. ट्रॅक्टरवाला हे पाहून घाबरला. त्याला वाटलं, सरकारी मोजणी आली. त्यात तो लाल कागद! ट्रॉली तशीच भरलेली परत गेली. आम्ही लाईनीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला, पोरांची मोजणी जोडली, अन् चार चकरा मारल्यावर तिथं खरोखरीचा बोर्ड अन् तारेचं कुंपण लागलं. काकांनी टॅग काढला तेव्हा धुणं धुणाऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लाजलो अन् मग वाजवल्या.

चौथा माझ्या गाडीचा. एक बादली अन् एक फडकं, एवढ्यात गाडी पुसता येते हे मला या वयात कळलं. काकांनी महिनाभर व्हरांड्यातून पाहिलं, मग आले अन् गाठ सोडली. "मास्तर, क्लिअर." मी म्हटलं, "काका, चहा घेता?" म्हणाले, "फिक्का."

आता तुम्हाला खरं सांगतो. तोपर्यंत माझ्या मनातून त्यांना पाठवायचं गेलं होतं. पण नितेश तिकिटं घेऊन आला होता, अन् शब्द मीच दिलेला. काकांची लोखंडी पेटी बांधून व्हरांड्यात ठेवली होती. दुपारची वेळ, पुण्याच्या गाडीला तीन-चार तास होते. मी निरोप द्यायला गेलो, तर नितेश डोक्याला हात लावून बसलेला.

"सर, पापा बोल रहे हैं एक बाकी आहे."

"कोणता?" मी कॉपी ओढून घेतली. "चारही झाले की!"

"बाहेरचे झाले," काका म्हणाले.

कॉपीच्या अगदी पहिल्या पानावर, पहिली ओळ. तिला काट नव्हती. जागा : स्वयंपाकघर.

आम्ही आत गेलो. फळीवर डबे ओळीनं मांडलेले, घासूनपुसून. त्यातल्या साखरेच्या डब्याच्या कडीला टॅग बांधलेला, लाल उडून गुलाबी झालेला. अक्षर काकांचं नव्हतं. मोठंमोठं, जपून काढलेलं, चौथीतल्या पोरीचं असावं तसं. "काय बंद : चहात साखर. कावून बंद : डाक्टर बोल्ला. नाव : गिरजा. टोकन नंबर : नितेशची माय."

नितेश ते वाचत उभा राहिला. मी दुसरीकडे पाहायला लागलो.

"थोडी शुगर निघाली होती तेवा," काका सांगायला लागले. "मी आयकत नोतो. त एक दिवस तिनं माझ्याच थैलीतून टॅग काढला, लिवला, अन् बांधला. मले म्हने, लावा आता हात. ज्यानं लावला त्यानंच काढायचा ना?" काका हसले. "फसलो ना मी, मास्तर! माह्याच नियमात बसवला मले. आता दोन वर्सापासून डाक्टर म्हनते, शुगर नॉर्मल आहे, प्या गोड चहा. म्या म्हनलं, साहेब, तुमचा टॅग नाही तो."

"पापा, मी काढतो ना." नितेशनं हात पुढं केला.

"हात नको लावू." तोच आवाज. नितेशचा हात थांबला, जसा माझा थांबला होता.

माझी जीभ म्हणजे ना! कुठं गप्प बसावं हे तिला कळत नाही. मी बोलून गेलो, "पण काका, शंका असली तर तीन हाकांचा नियम आहे ना?"

बोललो अन् वाटलं, परत गिळता आलं तर बरं. काका रागावले नाहीत. मान हलवली.

"आहे ना. नियम आहे. तिथंच त अडून राहिलं, मास्तर. नाव घेऊन हाक मारा लागते." त्यांनी डब्यावरची नसलेली धूळ बोटानं पुसली. "मी तिले नावानं कधी हाकच नाही मारली. एकदा बी नाही. चमचा वाजवत राहिलो."

मी नितेशला खांद्याला धरून बाहेर अंगणात आणलं. मीटरच्या डब्यापाशी आम्ही उभे राहिलो. आत चिमणीचं रिकामं घरटं तसंच होतं, काकांनी काढू दिलं नव्हतं.

आतून पेल्यावर चमच्याचा आवाज आला. दोन ठोके. मग बराच वेळ काही नाही.

"गिरजा."

इतक्या हळू, की कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच मारली असावी ती हाक. नितेशनं माझ्याकडे पाहिलं. आपल्या आईचं नाव बापाच्या तोंडून तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

"गिरजाऽ."

ही जरा मोठी होती. परसदारी कुणी कपडे वाळत घालत असेल अन् तिला आत बोलवायचं असेल, तशी.

आम्ही तिसरीची वाट पाहत होतो. समारू ठेला घेऊन गेला, त्याची 'ले भाजी'ची हाक लाईनीच्या टोकाला पोचली, तरी तिसरी आली नाही. मग आतून गॅसचा लायटर वाजला. थोड्या वेळानं काका तीन कप घेऊन बाहेर आले. तिन्ही चहा फिक्के.

"पापा, क्लिअर?" नितेशनं विचारलं.

"दोन झाल्या," काका म्हणाले. "तिसरी मारीन कधी. जल्दी काय आहे?"

नितेशनं चहा पूर्ण प्यायला, फिक्का. मग मोबाईल काढून एक तिकीट रद्द केलं. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच गेला, सोबत सुनीतानं दिलेलं लोणचं घेऊन. पेटी काकांनी स्वतःच उचलून आत नेली.

त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या फाटकाला लाल पुठ्ठा. "काय बंद : टाकी उतू जाने. कावून बंद : तुले मालूम आहे." मी वाचलं, हसलो अन् वर जाऊन टाकीचा बॉल नीट केला. मागून उलटून पाहिलं तर कुणाच्या तरी लग्नाची मंगलाष्टकं अर्धी कापलेली होती.

नितेशचा फोन दर रविवारी येतो, आता मला. बाबाची तब्येत, जेवण, कुठं चढले-वाकले का, सगळं विचारून होतं. मग शेवटी विचारतो, "सर, वो किचनवाला टॅग... क्लिअर झाला?"

मी खिडकीतून समोर पाहतो. काका व्हरांड्यात चटईवर बसून कात्रीनं पत्रिका कापत असतात, बाजूला फिक्का चहा.

"नाही रे," मी सांगतो. "माणूस आत आहे."